शेजारच्या देशाची वीज आणि आपली तार : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या देशातून बांगलादेशात कशी गेली त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचा करार झाला, १५ नोव्हेंबरला पहिल्यांदा फक्त एका दिवसापुरती वीज गेली, आणि मग २०२५ च्या १५ जूनपासून पावसाळ्याच्या सीझनमध्ये रीतसर सुरू झाली. ४० मेगावॅट म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या साखर कारखान्याचं को-जनरेशन असतं तेवढीच. पण दक्षिण आशियात एका देशाची वीज दुसऱ्या देशाच्या तारेवरून तिसऱ्याकडे जाण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मला त्याचं एवढं कौतुक वाटलं.

सर, आमच्याकडे शेतीची लाइन आठवड्यातले तीन-चार दिवस रात्रीचीच असते. रात्री एक वाजता बॅटरी घेऊन बागेत जावं लागतं, बिबट्याची भीती वेगळीच. आणि आपण बांगलादेशला वीज विकतो म्हणे. आधी आम्हाला द्या ना. (एक द्राक्ष बागायतदार, निफाड)

तुमचा राग अगदी बरोबर आहे दादा, रात्रीच्या लाइनीनं किती लोक सर्पदंशानं आणि शॉक लागून गेलेत ते मी विजेच्या नोकरीत असताना जवळून बघितलंय, त्यामुळे मी तुम्हाला समजूत घालायला बसलेलो नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या करून बघू.

बांगलादेशला आपल्याकडून जाणारी वीज म्हणजे आपल्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेरामाराला जाणाऱ्या लाइनीवरून जास्तीत जास्त १००० मेगावॅट, त्रिपुरातून १६० आणि झारखंडच्या गोड्डा प्लँटमधून साधारण १५०० च्या आतबाहेर. सगळी मिळून अडीच-पावणेतीन हजार. आपल्या देशाची मागणी ३० मे २०२४ ला २ लाख ५० हजार मेगावॅटवर गेली होती. म्हणजे शंभरात एक. ती उद्या बंद केली तरी तुमच्या डीपीवर दिवसा लाइन येणार नाही, कारण तुमची अडचण देशात वीज कमी आहे ही नाहीये, शेतीचे सगळे फिडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनी, एकदम दिवसा चालू केले तर सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर आणि लाइन तो लोड घेत नाही म्हणून पाळी लावलीय, जशी पाटाच्या पाण्याला लावतात तशी. त्यावर उपाय म्हणजे फिडर वेगळे करणं आणि सबस्टेशनजवळच सोलर बसवणं, सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे, आणि तुमच्या सबस्टेशनला ती कधी येणार हा प्रश्न तुम्ही आमदाराला आणि सेक्शन ऑफिसला विचारत राहिलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की हा व्यवहार एकतर्फी नाही, पावसाळ्यात नेपाळ आणि भूतानची वीज आपल्याकडे येते. आता दुपारी आपल्याकडे सोलर इतकं झालंय की कधी कधी ते बंद ठेवायची वेळ येते आणि सूर्य मावळला की तासाभरात ओढाताण सुरू होते. त्या संध्याकाळच्या तीन-चार तासांना हिमालयातलं पाणी फार कामाला येतं, कारण कोळशाचा प्लँट चढवायला वेळ लागतो आणि पाण्याचं टर्बाइन मिनिटांत येतं.

काका, मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेपाळची वीज आपल्या ग्रिडमध्ये मिसळली की ती नेपाळचीच हे ओळखणार कसं? आणि बांगलादेशला तीच पोचते का? (एक विद्यार्थी, सोलापूर)

सोलापूरच्या पोरानं हा प्रश्न विचारावा याचा मला फार आनंद झाला, का ते पुढे सांगतो.

ओळखता येत नाही रे. ग्रिड म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तारांचं जाळं. समजा दहा जणांनी एका विहिरीत पाणी ओतलं आणि दुसऱ्या काठावरून तेवढंच कोणी उपसलं, तर उपसलेलं पाणी कोणाच्या कळशीतलं हे सांगता येत नाही, पण किती ओतलं आणि किती काढलं याचा हिशेब मात्र चोख ठेवता येतो. नेपाळची वीज ढल्केबरहून बिहारच्या मुजफ्फरपूरला येते, तिथे मीटर आहे, दर पंधरा मिनिटांचं आधी ठरलेलं शेड्यूल आहे, आणि मधल्या तारेतली गळती कोणाच्या नावावर टाकायची तेही ठरलेलं आहे. त्याच वेळी भेरामाराला बांगलादेश तेवढी वीज आपल्या ग्रिडमधून जास्त उचलतो. नेपाळला युनिटमागे ६.४ अमेरिकन सेंट मिळतात, आणि मधला व्यवहार आपली सरकारी कंपनी एनटीपीसी विद्युत व्यापार निगम बघते.

आता तुझ्या अभ्यासाचं. नेपाळ आणि भूतान आपल्या ग्रिडशी सिंक्रोनस आहेत, म्हणजे पोखऱ्यातलं जनरेटर, तुझ्या कॉलेजमधली मोटर आणि थिंफूमधला फ्रीज हे सगळे एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतात, एकाचा ठेका चुकला की सगळ्यांना कळतं. बांगलादेशचं मात्र तसं नाही. तिथे भेरामाराला बॅक-टू-बॅक स्टेशन आहे, आपली एसी आधी डीसी करायची आणि त्याच आवारात परत एसी करून त्यांच्या ग्रिडला द्यायची, म्हणजे दोघांचे ठेके वेगळे राहिले तरी चालतात आणि किती वीज जाणार ते बटणावर ठरवता येतं. २०१३ च्या ऑक्टोबरात ५०० मेगावॅटनी सुरुवात झाली आणि २०१८ मध्ये ते १००० झालं.

हा ठेका, म्हणजेच फ्रीक्वेन्सी, काय असतो ते मी शिकलो एका काट्यावरून. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीवर एक गोल फ्रीक्वेन्सी मीटर होता, काच पिवळी पडलेली, ५० वर कोणीतरी लाल पेनानं खूण केलेली. संध्याकाळी सात वाजता मागणी पुरवठ्यापेक्षा वाढून तो काटा ४९, ४८.७, ४८.५ असा खाली यायला लागला की शिफ्ट इंजिनियर चहाचा ग्लास खाली ठेवायचे आणि फोन उचलायचे, कुठला तरी तालुका अंधारात टाकायला. पंख्याचा आवाजसुद्धा बदलायचा, कान तयार झालेल्या माणसाला मीटर न बघता कळायचं. २००२ च्या जुलैत पश्चिम ग्रिडला नवीन दरपद्धत लागू झाली, जो ठरल्यापेक्षा जास्त ओढेल त्याला फ्रीक्वेन्सी बघून दंड, आणि आम्ही डोळ्यांनी बघितलं की काही महिन्यांत काटा माणसात आला. आजही मी शेजारी देशांच्या कराराबद्दल वाचतो तेव्हा आधी बघतो की जास्त ओढणाऱ्याला काय भरावं लागेल ते कुठे नीट लिहिलंय का.

आणि सोलापूर अशासाठी की आपला दक्षिण ग्रिड बाकी देशापासून वेगळा होता तो ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइननं जोडला गेला आणि अख्खा देश एका फ्रीक्वेन्सीवर आला. ते सबस्टेशन तुझ्या गावापासून लांब नाही, सरांना सांगून व्हिजिट काढ.

आमच्या सोसायटीतले वॉचमन दाजू नेपाळमधल्या दैलेखचे आहेत. ते म्हणतात आता त्यांच्या घरी चोवीस तास लाइट असते, पूर्वी पुण्याहून फोन केला तर घरच्यांचा मोबाइल चार्ज नसल्यानं बंदच लागायचा. एवढा बदल एवढ्या वर्षांत कसा झाला? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

ताई, दाजूंना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांबण लागेल.

२०१४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं पशुपतिनाथाला गेलो होतो. ठमेलमध्ये एका शालीच्या दुकानात बायको रंग बघत होती आणि दुकानदारानं काउंटरमागे चिकटवलेला एक कागद माझ्या नजरेला पडला, सात गट, सात वार, आणि प्रत्येक चौकोनात दोन-दोन वेळा लिहिलेल्या. लोडशेडिंगचं टाइमटेबल. त्यांनी सांगितलं की मुलगी परीक्षेचा अभ्यास या कागदाप्रमाणे करते, आई भात या कागदाप्रमाणे लावते. तेवढ्यात लाइट गेली, बाहेर एकामागून एक जनरेटर सुरू झाले, आणि त्यांनी न बोलता मेणबत्ती शालीच्या अंगाजवळ धरली, बायकोला रंग कळावा म्हणून. आपल्याकडे २००५-०६ चं भारनियमन भोगलेलं असल्यामुळे मला ते फार लागलं. ८३ हजार मेगावॅटचं पाणी डोंगरातून वाहून जातंय हा आकडा नेपाळमधली मुलं १९६६ पासून शाळेत ऐकतायत, आणि २००८-०९ च्या हिवाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास अंधार.

कारणं बरीच होती, एक तर तिथले बहुतेक प्रोजेक्ट वाहत्या पाण्यावरचे, मागे मोठं धरण नाही, त्यामुळे पावसाळ्यात टर्बाइन भरून चालतात आणि हिवाळ्यात नदी आटली की उत्पादन तिसऱ्या हिश्शावर, त्यात दहा वर्षांचं यादवी युद्ध, त्यात २००८ च्या ऑगस्टमध्ये कोशीचा बांध कुसहाला फुटला आणि भारतातून वीज नेणाऱ्या लाइनीचे टॉवरच वाहून गेले. आणि तार. २०१६ पर्यंत दोन देशांमध्ये सीमेवरच्या छोट्या छोट्या लाइनीच होत्या, मोठी अशी एकही नव्हती. ढल्केबर-मुजफ्फरपूर लाइन फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा सुरुवातीला तिच्यातून जेमतेम ८० मेगावॅट घेता यायचे. पुढे व्होल्टेज वाढवत नेलं, आज ती ४०० केव्हीला चालते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुलमान घिसिंग नेपाळ विद्युत प्राधिकरणाचे प्रमुख झाले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर रात्रंदिवस लाइन कोणाला जाते ते तपासलं, आणि सापडलं की काही कारखान्यांना डेडिकेटेड फिडरवरून अखंड वीज जात होती आणि घरं अंधारात होती. ते बंद केलं, भारतातून आयात वाढवली, संध्याकाळच्या लोडसाठी पाणी राखून ठेवलं. २०१६ च्या लक्ष्मीपूजनाला काठमांडूत लाइट गेली नाही. मला वाटतं एखाद्या इंजिनियरचं नाव घराघरात घेतलं जावं असं काम आयुष्यात एकदाच होतं. २०१८ मध्ये कारखान्यांचंही लोडशेडिंग संपलं. २०२१ च्या जुलैत ४५६ मेगावॅटचा अपर तामाकोशी सुरू झाला आणि पावसाळ्यात वीज उरायला लागली, नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतानं पहिल्यांदा ३९ मेगावॅट आपल्या वीज बाजारात विकायला परवानगी दिली, २४ त्रिशूलीचे आणि १५ देवीघाटचे, आणि ४ जानेवारी २०२४ ला दहा वर्षांत १० हजार मेगावॅट घेण्याचा करार झाला.

आता माझं मत, आणि ते सगळ्यांना आवडणार नाही. नेपाळच्या ज्या प्रोजेक्टमध्ये चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे त्याची वीज भारत घेत नाही. अपर तामाकोशी नेपाळी लोकांच्या पैशातून उभा राहिला, प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा, टेलिकॉमचा पैसा, दोलखा जिल्ह्यातल्या साध्या माणसांनी घेतलेले शेअर, आणि सिव्हिल काम एका चिनी कंपनीनं केलं म्हणून त्याची वीज विकायला आपण दार लावलं. सीमेची काळजी मी समजू शकतो, चीनच्या मालकीचा प्लँट असेल तर विचार करावाच. पण काँक्रीट कोणी ओतलं यावरून वीज अडवायची आणि आपल्या घरावर चिनी सेलचे सोलर पॅनल लावायचे, हे मला पटत नाही. पावसाळ्यात तिथे गेटवरून पाणी तसंच सोडून द्यावं लागतं. आपल्याकडे दोन भावांच्या शेतांमध्ये तिसऱ्याचं शेत असतं आणि वहिवाट त्याच्या बांधावरून जाते, तो माणूस वाट देतो की काटे टाकतो यावर गावात त्याची पत ठरते. नेपाळ आणि बांगलादेशच्या मध्ये आपण ते मधले शेतकरी आहोत. शेजारी देशांशी वीज व्यवहाराचा २०१६ चा आपला पहिला नियम काटे टाकण्यासारखाच होता, शेजाऱ्यांनी कुरबुर केली, २०१८ मध्ये तो बदलला आणि तीन देशांचा व्यवहार नियमात बसला. बदलल्यानं आपलं काही गेलं नाही, ट्रान्समिशन चार्जेस मिळाले ते वेगळेच.

श्रीलंकेला आपली तार का नाही? रामेश्वरमहून तर जवळ आहे. (एक वाचक, मडगाव, गोवा)

बोलणी १९७० च्या दशकापासून चालू आहेत. समुद्राखालची केबल महाग, त्यात यादवी युद्धाची वर्षं गेली, एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परत एकदा समझोत्यावर सह्या केल्यात. गरज किती आहे ते ९ फेब्रुवारी २०२५ ला दिसलं, कोलंबोजवळच्या पानदुरा सबस्टेशनमध्ये एक माकड शिरलं आणि अख्ख्या बेटाची वीज गेली. आपल्याकडे एवढ्यानं एखादा तालुका गेला असता, कारण बाजूचा ग्रिड लगेच आधार देतो, पण बेट एकटं असतं.

आम्ही एन्रॉनच्या वेळी आंदोलनात होतो. गोड्डाचा प्रकार वाचला आणि बांगलादेशी लोकांचं दुःख आम्हाला कळलं. तुम्हाला हे साम्य वाटतं का? (एक वाचक, गुहागर)

वाटतं. पूर्ण नाही, पण मुळात वाटतं.

दाभोळचा, म्हणजे एन्रॉनचा, करार १९९३ च्या डिसेंबरात झाला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, हिशेब डॉलरला बांधलेला, इंधन आयातीचं, विकत घेणारा एकच, आपलं वीज मंडळ. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, रुपया घसरला, नाफ्था महागला, बिल परवडेना, २००१ च्या मध्यावर प्लँट बंद. माझे कित्येक सहकारी त्या काळात बैठकांना जायचे आणि चेहरे पाडून परत यायचे. तुमच्या अंजनवेल-वेलदूरच्या लोकांनी काय काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

गोड्डाचा करार नोव्हेंबर २०१७ चा, २५ वर्षांचा, दोन युनिट मिळून १६०० मेगावॅट, अदानी पॉवरचा प्लँट. झारखंड म्हणजे कोळशाचं आगर, पण कोळसा आयातीचा, ऑस्ट्रेलियाच्या कारमायकल खाणीतून जहाजानं येऊन पुढे रेल्वेनं गोड्डाला. सगळी वीज वेगळ्या लाइनीनं सरळ बांगलादेशला, हिशेब डॉलरात. २०२३ मध्ये वीज सुरू होण्याआधीच बांगलादेशनं कोळशाच्या दरावर हरकत घेतली. डॉलरची टंचाई झाली, थकबाकी वाढत गेली, २०२४ च्या नोव्हेंबरात पुरवठा निम्म्यावर आला. त्याच्या आधी १२ ऑगस्टला, बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना सत्ता सोडून ढाक्याहून गेल्यानंतर आठवड्याभरात, आपल्या सरकारनं नियम बदलून फक्त निर्यातीसाठी बांधलेल्या प्लँटला देशात वीज विकायची मुभा दिली.

कंपनीचंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही, वीज दिली तर पैसे मिळायलाच पाहिजेत. पण बाहेरून कोळसा, परकीय चलनात बिल आणि घेतली नाही तरी पैसे, ही तिन्ही ओझी ज्याच्या तिजोरीत डॉलर कमी आहेत अशा देशाच्या एकाच सरकारी मंडळावर टाकली की कधी ना कधी हे होणारच, आपण कोकणात बघून झालोय. नेपाळच्या ४० मेगावॅटच्या करारात इंधनच नाही, दर ठरलेला, सीझन ठरलेला. लहान आहे म्हणून नाक मुरडू नका. मला तर अशा छोट्या करारांतूनच पुढचा रस्ता दिसतो.

भूतान वीज विकून सुखी झाला असं वाचलं. मग त्यांच्यावर कर्ज कसं? (एक शिक्षिका, नागपूर)

चुखा नावाचा ३३६ मेगावॅटचा प्रोजेक्ट १९८६ ते ८८ मध्ये सुरू झाला तेव्हा भारतानं ६० टक्के रक्कम अनुदान आणि ४० टक्के कर्ज म्हणून दिली होती. त्या पैशातून भूताननं शाळा-दवाखाने काढले. पुढे हे उलटत गेलं, मांगदेछू आणि पुनात्सांगछू-दोनला अनुदान ३० टक्के आणि कर्ज ७० टक्के, तेही १० टक्के व्याजानं. त्यात पुनात्सांगछू-एक, १२०० मेगावॅट, २००८ ला काम सुरू, २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकायला लागला आणि खर्च दुपटीच्या पुढे गेला. व्याजाचं मीटर मात्र डोंगर सरकला म्हणून थांबत नाही. आणि गंमत वाटेल पण हिवाळ्यात नदीला पाणी नसतं तेव्हा भूतान आपल्याकडूनच वीज विकत घेतो. मला विचाराल तर चुखाची अट चांगली होती, शेजारी लहान असेल तर त्याच्या व्याजावर आपण कमवू नये.

सिंगापूरला असते. इकडे लाओसहून वीज येते म्हणतात, खरं का? (एक वाचक, सिंगापूर)

खरं आहे. जून २०२२ मध्ये लाओसहून थायलंड आणि मलेशियाच्या तारांवरून १०० मेगावॅटपर्यंत वीज यायला सुरुवात झाली, चार देशांत मिळून. तुमच्याकडे जवळजवळ सगळी वीज गॅसवर, २०३५ पर्यंत ६ हजार मेगावॅट बाहेरून घ्यायचं सिंगापूरनं ठरवलंय. ताईच म्हणतो तुम्हाला, लाओसची बाजूही जरा वाचा, १०७० मेगावॅटच्या नाम थेउन-दोनची बहुतेक वीज थायलंडला जाते, धरणांसाठी घेतलेल्या कर्जाखाली त्यांचं वीज मंडळ वाकलंय, आणि मेकाँगच्या काठच्या कोळ्यांची मासळी कमी झालीय.

आमच्याकडे कोयनेचं पाणी वीजनिर्मितीला पश्चिमेला सोडायचं की ताकारी-टेंभू-म्हैसाळला पूर्वेला, यावर दर उन्हाळ्यात भांडण असतं. हे तर एकाच राज्यात. दोन देशांत हे जमायचं कसं? भांडण झालं की बटण बंद करतील. (एक वाचक, विटा, सांगली)

तुमच्याइतका बरोबर प्रश्न कोणी विचारला नाही. हीच गोष्ट मध्य आशियात घडलीय, अगदी हीच.

किर्गिझस्तानात नारिन नदीवर तोक्तोगुल धरण आहे, कोयनेच्या साडेसहा पट पाणी मावतं. सोव्हिएत काळात नियम असा की उन्हाळ्यात पाणी सोडायचं, खाली उझबेकिस्तान आणि कझाकस्तानात कापूस पिकायचा, आणि त्याच्या बदल्यात हिवाळ्यात ते किर्गिझांना कोळसा आणि गॅस द्यायचे. पाचही प्रजासत्ताकांचा ग्रिड एक, कंट्रोल रूम ताश्कंदला. १९९१ ला देश वेगळे झाले, कोळसा-गॅसला बाजारभाव लागला, पाण्याला भावच नव्हता. मग किर्गिझांनी हिवाळ्यात घरं गरम ठेवायला पाणी सोडायला सुरुवात केली. खाली जानेवारीत पूर आणि जुलैत कोरडे पाट. तुमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नकोच.

पुढे खरंच बटणं बंद झाली. २००३ मध्ये तुर्कमेनिस्तान बाहेर पडला, २००९ मध्ये उझबेकिस्ताननं लाइन तोडली आणि ताजिकिस्तान एकटा पडला, त्यांची जास्तीची उन्हाळी वीज वाया आणि हिवाळ्यात गावांना दिवसातले काही तासच लाइट. भांडणाची किंमत कोणी भरली तर शेगडीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी. २५ जानेवारी २०२२ ला तर अल्माटी, बिश्केक आणि ताश्कंद एकाच दुपारी गेले, मेट्रो बोगद्यात थांबली.

पण बघा, तिथेच गोष्ट फिरली. उझबेकिस्तानात २०१६ नंतर नवीन अध्यक्ष आले, शेजाऱ्यांशी बोलणं सुरू झालं, ताजिकिस्तान २०२४ मध्ये परत त्या ग्रिडला जोडला गेला. आणि नारिनवर वरच्या अंगाला कंबाराता-एक हा १८६० मेगावॅटचा प्रोजेक्ट, ज्याला उझबेकिस्तान कित्येक वर्षं विरोध करत होता, तो आता किर्गिझ, कझाक आणि उझबेक तिघं मिळून बांधणार आहेत. खालच्यानं वरच्याच्या धरणात पैसे घातले की पाणी कधी सोडायचं यात त्याला बोलायचा हक्क मिळतो. आपल्या पाणीवाटप संस्थांमध्ये टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला कमिटीवर घेतात ते ह्याचसाठी ना?

म्हणून बटण बंद करतील का, तर हो, करू शकतात, म्हणून सगळी भिस्त एकाच तारेवर ठेवायची नाही, आणि हिवाळ्यात मी तुला आणि पावसाळ्यात तू मला अशी दोन्हीकडची गरज करारात लिहायची. नेपाळशी आपलं हे आपोआप जुळलंय, मार्चमध्ये तो आपल्याकडून घेतो, ऑगस्टमध्ये आपण त्याच्याकडून. एक धोका मात्र कुठल्याच करारात बसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये वरचा हिमनदीचा तलाव फुटला आणि १२०० मेगावॅटच्या तीस्ता-तीनचं धरण वाहून गेलं, २०२४ च्या सप्टेंबरातल्या पुरानं नेपाळमध्ये अपर तामाकोशी काही महिने बंद पडला. नवीन प्रोजेक्ट काढताना वरच्या तलावांची देखरेख तिन्ही-चारही देशांनी मिळून करायला हवी, नदी काही पासपोर्ट घेऊन येत नाही. मला रात्री झोप येत नाही ती याच काळजीनं, करारांच्या नाही.

सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. हे सगळं मुलांना दाखवायचं कसं? आमच्याकडे एक टीव्ही आणि नेट आहे. (एक शिक्षक, पालघर)

गुरुजी, देशाचा ग्रिड सांभाळणाऱ्या ग्रिड-इंडिया या सरकारी कंपनीच्या साइटवर देशाची फ्रीक्वेन्सी लाइव्ह दिसते, दोन दशांश स्थळांपर्यंत. मुलांना घरी वही घेऊन जायला सांगा, ज्याच्या घरी मोबाइल असेल त्यानं संध्याकाळी सहा ते साडेसात दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांनी मिळून आलेख काढायचा. ४९.९० च्या खाली आणि ५०.०५ च्या वर गेलेले ठिपके लाल करायला सांगा. मग भिंतीवर नकाशा लावा आणि सांगा की हाच आकडा या मिनिटाला काठमांडूत आणि थिंफूतही आहे. आलेख काढलात की एक फोटो मला पाठवा, पुढच्या अंकात छापू.